नानासाहेबांचा शनिवारचा क्लास

मी कितवीत शिकतो हे माझ्या वडिलांना माहीत नव्हतं. ही थाप नाही. माझी थाप ओळखायला सोपी असते, तिच्यात बहुतेक वेळा एखादा घोडा निघतो. तर एकदा घरी काही निकड आली म्हणून दादा मला शाळेतून न्यायला आले आणि तिसरीच्या दारात उभे राहून म्हणाले, "आमचा अप्पा द्या." मी होतो पाचवीत. तिसरीच्या मास्तरांकडेही एक अप्पा होता, त्यांनी तो देऊन टाकला. दादांनी त्याला सायकलच्या दांड्यावर बसवून घरी आणला. आईने त्याला आधी जेवायला वाढलं आणि मग म्हणाली, "हा आपला नाही हो." इथून पुढे थाप. दादांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "राहू दे, हा कमी बोलतो."

दादा चौथी शिकलेले. हातोदच्या मंडीत एका आडत्याकडे धान्य तोलायचं काम करायचे. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर असायचो. ते मला मुद्दाम न्यायचे असं नाही, मी सायकलवर बसलेला असायचो आणि ते उतरवायला विसरायचे. मग दिवसभर गव्हाच्या पोत्यांवर लोळणं. त्यांनी मला काही शिकवलं नाही, काही विचारलं नाही. तोलता तोलता हमालांना थापा मारायचे, त्या माझ्याही कानावर पडायच्या. मुलांना वेळ द्यायचा असतो, असं त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी तो काट्यावर टाकून बघितला असता.

मी बी.कॉम. झालो आणि वीज मंडळात चिकटलो. माझ्या मुलाची, भूषणची, इयत्ता मला पाठ होती. तुकडीसुद्धा. संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता मी विचारायचो, "अभ्यास झाला?" तो म्हणायचा, "हो." आमचा बापलेकांचा वेळ म्हणजे दोन बुटांचा. बाकीचा सगळा मंगलाने सांभाळला. मंगला आता नाही.

भूषण एम.टेक. आहे. सून पूर्वा मानसशास्त्रात पीएच.डी., कॉलेजात शिकवते. आमची पलक कितवीत आहे हे तर त्यांना माहीत आहेच, पण यंदा तिच्या मेंदूचा कुठला कोपरा वाढतोय तेही माहीत आहे. ती रांगत होती तेव्हा हे दोघं तिच्याबरोबर फरशीवर रांगत. बोलायला लागली तेव्हा घरातला चमचासुद्धा नाव सांगितल्याशिवाय उचलायचा नाही असा दंडक होता. आता ती आठ वर्षांची आहे, तर तिच्याशी चर्चा होते. तिला इंजेक्शन द्यायचं असलं तर आदल्या दिवशी तिला सांगतात, दुखेल, पण थोडं. मी टिंगल करत नाही. दोघं दिवसभर नोकरी करून येतात आणि दमल्याचा शब्द न काढता पोरीसमोर मांडी घालून बसतात. त्यांचा तिच्यावर जीव आहे, आणि तो कसा लावायचा हेही ते शिकून आलेत. माझ्या बापाने हे बघितलं असतं तर त्याने हातातला तराजू खाली ठेवला असता.

अडचण एवढीच की पोरीचा सगळा वेळ भरलेला. पूर्वी आईबाप कामात असायचे आणि पोरं घरातल्या रिकाम्या माणसाच्या वाट्याला यायची. आता आईबापच पोरांच्या वाट्याला आले, आणि रिकामा माणूस रिकामा राहिला.

आमच्या इंदूरच्या सुदामा नगरातल्या घरात कॅलेंडर भिंतीवर नाही, फोनमध्ये आहे. तिघांच्या फोनमध्ये एकच. त्यात प्रत्येकाचा रंग आहे. भूषण निळा, पूर्वा हिरवी, पलक पिवळी. मी करडा.

"करडा का रे?" मी विचारलं.

"काही निवडलं नाही ना बाबा, तर तो आपोआप येतो," भूषण म्हणाला.

त्यात पलकचं सगळं होतं. आईबरोबर वाचन, बाबांबरोबर प्रयोग, चित्रं, पोहणं. आणि रविवारी संध्याकाळी एक करडी पट्टी, 'आजोबा टाइम'. ती जवळ आली की माझा फोन वाजायचा. आपल्याच घरात आपल्याच नातीला भेटायला मी फोनवर 'येतोय' असं बटण दाबायचो.

त्या वेळात मी थापा मारायचो. दुसरं मला येतं काय? आमचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते. म्हणजे तिथे गवताच्या पेंढ्या मोजायला होते, पण ते कशाला सांगायचं.

"तर त्यांच्या पगडीत मधमाश्यांनी पोळं केलं," मी पलकला सांगायला लागलो. "काढायला गेले तर राणीमाशी म्हणाली, हात लावू नका, दरबार माझाही आहे. मग काय करणार? दरबारात सगळे कमरेतून वाकून मुजरा करायचे, आणि आपले पणजोबा नुसते गुडघ्यात वाकायचे. मान ताठ. वाकले तर मध सांडेल ना. महाराजांनी बघितलं आणि म्हणाले, हा माणूस भलताच मानी दिसतो…"

"एक मिनिट बाबा, सॉरी," पूर्वा म्हणाली. ती शेजारीच बसलेली. मला नकोशी होती असं नाही, तीही मनापासून ऐकत होती. "पलक, तुला काय वाटतं? पगडीत मधमाश्या राहू शकतील? त्यांना किती गर्मी लागत असेल?"

झालं. पलकने विचार केला. मग दोघींनी शोधून बघितलं. मग भूषण आला, त्याने पोळ्याच्या षट्‍कोनी खोल्या कागदावर काढून दाखवल्या. आमची वेळ संपली तेव्हा घरात सगळ्यांना मधमाश्यांबद्दल पुष्कळ माहिती झाली होती. महाराज पुढे म्हणणार होते, "याला घोडा द्या." ते राहूनच गेलं. पणजोबा तसेच गुडघ्यात वाकून उभे.

थापेला साक्षीदार चालतो, पंच चालत नाही. पण हे पूर्वाला सांगणार कसं? ती लगेच म्हणाली असती, "तुम्ही सांगितलंत हे बरं झालं बाबा. आपण यावर बोलू या." आणि आम्ही बोललो असतो.

पुढे रोबोटिक्सचा क्लास निघाला, तोही नेमका रविवारी संध्याकाळी. पूर्वाने मला विचारून, दोनदा विचारून, करडी पट्टी काढली. मी म्हटलं, "काढ की. रोबो काय म्हाताऱ्यांसाठी थांबतात?" ती हसली, आणि मला बदली काम मिळालं, पलकला क्लासला न्यायचं आणि आणायचं. मला वाटलं, चला, रिक्षातला वेळ तरी कोणाचा नसतो. पण पलक रिक्षात बसली की कानाला हेडफोन लावायची. त्यात इंग्रजी गोष्टी असायच्या, पूर्वाने निवडून भरलेल्या. मी तिच्या शेजारी बसून सुदामा नगरच्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या. मग उलट्या वाचल्या.

अशा वेळी सज्जन माणूस बागेत जाऊन बसतो. मी क्लास काढला.

सकाळी पोहे खाताना, वर शेव आणि जीरावनचा मसाला घालता घालता, मी सहज बोलल्यासारखं म्हणालो, "भूषण, स्नेहलतागंजात कोणी नानासाहेब म्हणून आहेत, ऐकलंस का? मुलांचा क्लास घेतात. ऐकण्याचा."

"ऐकण्याचा म्हणजे?"

"हल्ली मुलं ऐकतच नाहीत म्हणे. बोलतात, बघतात, ऐकत नाहीत. तर हे शनिवारी दुपारी एकेका मुलाला घेऊन बसतात. तोंडी परंपरा, एकाग्रता, असलं काही. फोन दाराबाहेर."

पूर्वाने चमचा खाली ठेवला. "फी काय आहे?"

"घेत नाहीत."

दोघांच्या चेहऱ्यावरचा विश्वास डळमळला. मी घाईने म्हणालो, "पण सगळ्यांना घेतही नाहीत. बरेच जण परत गेलेत." विश्वास पुन्हा जागेवर बसला.

"गूगलवर काहीच नाहीये," भूषण फोनमध्ये बघून म्हणाला.

"टाकत नाहीत. टाकलं तर रांग लागेल."

"आम्ही एकदा जाऊन भेटतो," पूर्वा म्हणाली.

"पालकांना वर येऊ देत नाहीत. म्हणतात, पालक समोर असले की मूल त्यांच्या तोंडाकडे बघून ऐकतं."

इथे मी पकडला जाणार असं मला वाटलं होतं. पण पूर्वा हळूहळू मान हलवायला लागली. "हे खरं आहे, भूषण. यावर स्टडीज आहेत."

मी पोह्यांत खाली मान घातली. आपली थाप आपल्या आधी कोणीतरी सिद्ध करून ठेवलेली असावी, हे सुख मला आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं.

तरीही फोनवर बोलायचंच, असं ठरलं. म्हणून मी कृष्णरावाकडे गेलो. कृष्णराव माझा शाळासोबती. स्नेहलतागंजात त्याचं घर आहे, वरच्या मजल्यावर एक मोठी खोली नुसती पडून. गॅलरीतून स्टेशनवरच्या गाड्यांच्या घोषणा ऐकू येतात. मुलगा यशोधन टोरंटोला असतो.

"तू मरवशील मला, अप्पा," तो म्हणाला. "मी काय बोलणार? माझा जन्म पाटबंधारे खात्यात गेला."

"कमी बोल. मोठे लोक कमी बोलतात."

भूषणने फोन स्पीकरवर ठेवला. पूर्वा वही घेऊन बसली. पलीकडून कृष्णरावाचा आवाज आला, सर्दी झालेल्या सरदारासारखा. "आपल्या कन्येला आपण दिवसातून किती वेळ गप्प बसू देता?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"सर, म्हणजे… तसं मोजलेलं नाही," भूषण म्हणाला.

"मोजू नका," कृष्णराव म्हणाला आणि घाबरून फोन ठेवून दिला.

पूर्वाने ते दोन शब्द वहीत लिहून खाली रेघ ओढली. मग म्हणाली, "ही इज डिफरंट." कॅलेंडरमध्ये शनिवार दुपारी पलकची पिवळी पट्टी आली. तिच्याखाली बारीक करडी रेघ होती, नेणं-आणणं.

पहिल्या शनिवारी पलक जिना चढून वर आली. खोलीत सतरंजी, दोन खुर्च्या आणि कृष्णराव. तिने इकडे तिकडे बघितलं.

"नानासाहेब कुठे आहेत?"

"नाहीत," मी म्हटलं.

"केव्हा येणार?"

"येणार नाहीत. ते नाहीतच. मी फेकलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. कृष्णराव छताकडे बघत राहिला. मला वाटलं आता रडेल, किंवा आईला फोन लाव म्हणेल.

"सच्ची?" ती म्हणाली. "बाबांना पण फेकलं? आणि ते मान गये?"

मग ती सतरंजीवर पालथी पडून इतकी हसली की खालच्या दुकानदाराने वर बघितलं असेल.

त्या खोलीत आम्ही काय केलं ते सांगण्यासारखं नाही, कारण काहीच केलं नाही. मी थापा मारायचो. कृष्णराव मधून मधून त्यांत पाणी सोडायचा, खात्याची सवय. कधी पलक ऐकता ऐकता उठून गॅलरीत जायची आणि घोषणांबरोबर गाड्यांची नावं म्हणायची. कधी नुसती पडून पंख्याकडे बघायची. कधी कृष्णरावाला डुलकी लागायची आणि आम्ही दोघं त्याच्या घोरण्यातून कोणती गाडी चालली आहे ते ओळखायचो. तिला कोणी विचारायचं नाही, काय वाटलं, काय समजलं, पुढे काय होईल. मंडीतल्या पोत्यांवर मी जसा पडलेला असायचो, तशी ती पडलेली असायची. फक्त वास गव्हाचा नव्हता, कृष्णरावाच्या बामचा होता.

असंच एकदा मी मधमाश्यांची गोष्ट शेवटापर्यंत नेली. महाराज म्हणाले, याला घोडा द्या. पणजोबांना घोडा मिळाला. मी थांबलो.

"मग?" कृष्णराव म्हणाला.

"मग संपलं."

"नाही संपलं," पलक म्हणाली. ती पंख्याकडेच बघत होती. "घोड्याला ना मध आवडायचा. तर तो रोज पणजोबांची पगडी चाटायचा. पगडी संपली, मग डोकं चाटलं. सगळे केस गेले. म्हणून आपल्या घरात सगळे टकले."

मी तिच्याकडे बघितलं. चेहरा अगदी कोरा.

"प्रूफ आहे," ती म्हणाली. "बाबांचं डोकं बघा."

कृष्णराव खुर्चीतून उठला, आत गेला, आणि पाणी पिऊन आल्यासारखं करून परत आला. आमच्या घराण्यात आजवर एकाने एम.टेक. केलं, मला आनंद झाला होता. पण तो असा नव्हता.

हे चाललं पावसाळा संपेपर्यंत. घरी परतलो की पूर्वा दार उघडायची, पलकच्या उंचीला खाली बसायची आणि विचारायची, "आज काय झालं नानासाहेबांकडे?" पलक म्हणायची, "लिसनिंग." पूर्वा म्हणायची, "तुझ्यात फरक पडलाय, माहितीय? तू मध्ये बोलत नाहीस आता." आणि तिला जवळ घ्यायची. पूर्वा खोटं कौतुक करत नाही. खरंच फरक पडला होता.

मग एका शनिवारी रिक्षातून घरी येताना पलकने हेडफोन मांडीवर ठेवला. लावला नाही.

"आजोबा, आई विचारते ना, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो."

"कसला गोळा?"

"दुखतं. काल पण दुखलं. आज शनिवार आहे म्हणून."

"कचोरी बाधली असेल."

"मी कचोरी कुठे खाल्ली?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आई मला कधीच झूठ बोलत नाही. इंजेक्शन दुखणार असेल तर दुखेल म्हणते. आणि मी बोलते."

"अगं, आपण तर पणजोबांबद्दलही…"

"ते फेकणं आहे. त्याने पोट नाही दुखत. हे झूठ आहे."

पुढे रिक्षावाला कोणाशी तरी फोनवर बोलत होता, "हां भिया, पोहोचतोय, पाच मिनिटांत पोहोचतोय," आणि आम्ही चौकात अडकून उभे होतो.

"मग सांगून टाक आईला," मी म्हणालो.

"ती रडेल. म्हणेल, मला का नाही सांगितलं. रागावणार नाही, रडेल." पलकने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगा ना."

मी सांगू शकलो असतो. ते मनात आलं नाही असं नाही. काय झालं असतं तेही मला दिसत होतं. पूर्वा रागावली नसती. माझ्यासमोर बसली असती, "बाबा, तुम्हाला एकटं वाटत होतं का?" असं विचारलं असतं, आणि तिचे डोळे खरंच भरून आले असते. मग कॅलेंडरमध्ये माझी पट्टी परत आली असती, मोठी, चांगला रंग निवडून. आणि त्या पट्टीत आम्ही चौघं बसलो असतो. मला ते नको होतं. मला सतरंजी हवी होती आणि तिच्यावर पालथी पडलेली, कोणीही न विचारलेली पोरगी हवी होती. ती मिळायची तर तिच्या पोटात गोळा यायचा. थापाड्या माणसाला एवढा सरळ हिशेब फार क्वचित मांडावा लागतो.

घराच्या कोपऱ्यावर उतरताना मी तिला म्हणालो, "क्लास बंद. नानासाहेब जाणार."

"कुठे?"

"वर."

तिने विचार केला. "पण ते तर नाहीतच."

"म्हणून तर सोपं आहे. तुला काही बोलायचं नाही. नंतर कोणी विचारणारही नाही."

"मग शनिवारी आपण काय करायचं?"

मी फाटकाची कडी काढत होतो. ती नेहमीच जड निघते. "बघू," म्हणालो. मोठी माणसं हा शब्द केव्हा वापरतात हे आठ वर्षांच्या मुलांना चांगलं माहीत असतं.

मंगळवारी संध्याकाळी, कृष्णरावाला आधी कल्पना देऊन, मी घरी सांगितलं. नानासाहेब मुलाकडे टोरंटोला गेले होते, तिथेच गेले. टोरंटो मुद्दाम घेतलं, नाहीतर ही दोघं हार घेऊन स्नेहलतागंजात गेली असती.

नंतर कोणी विचारणार नाही, हा माझा अंदाज सपशेल चुकला. जिवंत नानासाहेबांकडे जेवढं लक्ष गेलं नव्हतं, तेवढं मेलेल्यांकडे गेलं. भूषणने आपली मीटिंग रद्द केली. पूर्वाने आधी मला आत बोलावून विचारलं, "पलकला मी कसं सांगू म्हणता? तिच्या आयुष्यातला हा पहिला मृत्यू आहे, बाबा. आजी गेल्या तेव्हा ती फार लहान होती." मी म्हणालो, "तुला जसं बरं वाटेल तसं सांग."

सोफ्यावर मधे पलक बसली. एका बाजूला पूर्वा, दुसऱ्या बाजूला भूषण. मी समोरच्या खुर्चीत. पूर्वाने "झोपले", "देवाघरी गेले" असं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "नानासाहेब वारले. त्यांचं शरीर थांबलं. आता ते परत येणार नाहीत आणि शनिवारचा क्लास होणार नाही. तुला वाईट वाटेल, राग येईल, किंवा काहीच वाटणार नाही. जे वाटेल ते बरोबर आहे." इतकं नीट कोणी कोणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. माझी आई गेली तेव्हा दादांनी मला नुसतं सायकलवर बसवलं होतं.

पलकने माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा हळूहळू मोडला. ती रडली. नाटक नव्हतं ते, मला नाटक कळतं. ती हुंदके देऊन, तोंड उघडं टाकून रडली, आणि दोघांनी दोन्हीकडून तिला धरलं. भूषणचेही डोळे ओले झाले. मी खुर्चीतून अर्धवट उठलो आणि पुन्हा बसलो. सोफ्यावर जागा नव्हती.

बऱ्याच वेळाने पूर्वाने विचारलं, "त्यांची एखादी आठवण सांगतेस? आवडलेली?"

पलकने नाक पुसलं.

"ते मला काही विचारायचे नाहीत," ती म्हणाली.

पूर्वाने तोंड उघडलं. मला दिसलं, 'म्हणजे कसं?' तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते तिथेच थांबवलं. नुसती पलकच्या केसांवरून हात फिरवत बसली. किती शिकलेली बाई, आणि पलकचं ते वाक्य एका घोटात शिकली.

भूषण मला म्हणाला, "बाबा, तुम्ही ठीक आहात ना? तुमचीही ओळख झाली असेल त्यांच्याशी. वय काय होतं?"

"माझ्याएवढेच होते."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. थोडा वेळ ठेवला.

पुढच्या शनिवारी कॅलेंडरमध्ये पिवळी पट्टी तशीच होती, पण तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. पूर्वा म्हणाली, "ही वेळ मी रिकामीच ठेवणार आहे. तिला लागेल." दुपारी पाहिलं तर पलकच्या खोलीत दोघी खाली चटईवर पडल्या होत्या. पूर्वा काही विचारत नव्हती. पलक पंख्याकडे बघत होती आणि मधेच काहीतरी सांगत होती. पूर्वा नुसतं "हं" म्हणत होती. दार उघडंच होतं. मी गेलो असतो तर दोघी सरकल्या असत्या. पण मी गेलो असतो तर ते पुन्हा 'आजोबा टाइम' झालं असतं. पलकच्या पोटाला आता काही नव्हतं, हे तिच्या पाय हलवण्यावरून कळत होतं. मी चपला घातल्या.

बस धरून स्नेहलतागंजात गेलो. कृष्णराव वरच्या खोलीतच बसला होता, सतरंजी अंथरून.

"मग?" तो म्हणाला. "मेलो का मी?"

"मेलास. टोरंटोला. यशोधनकडे."

तो हसला. "चला, निदान मेल्यावर तरी त्याने बोलावलं. कशाने मेलो?"

"ते कोणी विचारलं नाही."

"अरे, असं कसं? काहीतरी बरं मरण द्यायचं ना मला. हृदय बंद पडलं वगैरे नको, ते कॉलनीत सगळ्यांचंच पडतं."

"बर्फात घोड्यावरून पडलास."

"टोरंटोत घोडा कुठला?"

"तू इथून नेला होतास. विमानात खिडकीची जागा त्याला दिली होतीस."

"हे ठीक," कृष्णराव म्हणाला. मग आम्ही बसलो नानासाहेबांना मारत. बर्फ किती होता, घोड्याने आधी नकार कसा दिला, अंत्ययात्रेला तिथल्या महापौराने इंदुरी शेव कुठून मिळवली. कृष्णरावाने पाणी सोडलं, मी बांध घातला. गॅलरीबाहेर एका गाडीची घोषणा झाली, मग दुसरीची. पूर्वी या वेळेला पलक उठून नावं म्हणायची. आमच्यातलं कोणी उठलं नाही.

"आणि शेवटी काय म्हणालो मी?" कृष्णरावाने विचारलं. "शेवटचे शब्द?"

"काही नाही म्हणालास. ऐकायला कोणी नव्हतं."

"यशोधन?"

"ऑफिसात होता."

कृष्णराव उठला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला. गॅस पेटवल्याचा आवाज आला. मग तो आतूनच म्हणाला, "अप्पा, हे जरा जास्तच खरं झालं. बदल."